शनिवारचा ब्रँडी अलेक्झांडर कुठल्या खात्यात मांडायचा?

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथलं हिशेबाचं काम मी बघते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी धाकटे दीर आले, तेव्हापासून ते घरूनच नोकरी करतात. त्यांना ब्रँडी अलेक्झांडर नावाचं पेय करता येतं. शनिवारी जेवणं झाली की गच्चीवर तो कार्यक्रम असतो. चहाच्या कपाने अर्धा कप ब्रँडी, अर्धा कप चॉकलेटचं लिक्युअर, अर्धा कप क्रीम, वर व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा आणि किसलेलं जायफळ. सोबत चिवडा-शेंगा असतातच. मी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण खरं सांगते, हे मला फार आवडलं. बासुंदीच प्यायल्यासारखं वाटतं. एक ग्लास घेते, कधी दीड. उरलेलं क्रीम वाया जाऊ नये म्हणून आठवडाभर सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे घालते. गेल्या तीन महिन्यांत वजन साडेतीन किलोंनी वाढलं. रात्रीची भाकरी बंद करून चहा-खारीवर आले, तरी काटा खाली येत नाही. ऊन वाढल्यापासून संभाजी तलावावरचं फिरणंही बंद आहे. साखरेची तपासणी, एचबीए१सी, ६.१ आली आणि रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २१२ आले. डॉक्टरांनी रात्री साखरेची गोळी, मेटफॉर्मिन ५००, सुरू केली. त्यांना शनिवारचं सांगितलेलं नाही, ते माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतले आहेत. दूध-साय पोटात जाते म्हणजे थोडं तरी पोषण होत असेल ना? हे गोडात धरू की दारूत? माझी जाऊही अर्धा ग्लास घेते. मूल व्हावं म्हणून तिचे उपचार चालू आहेत. तिला चालेल का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या गोष्टींना आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, याला नाही.

जाऊबाईंना चालणार नाही. अर्धा ग्लासही नाही, चाखण्यापुरतंही नाही. गर्भ राहिल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बाईला स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो, आणि आईच्या रक्तातलं अल्कोहोल बाळापर्यंत पोचतं. गरोदरपणात अमुक इतकी घेतली तर धोका नाही, असं कुठलंही माप वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. शिवाय उपचार दोघांचे असतात. दारूचं प्रमाण वाढलं की पुरुषाच्या शुक्राणूंवरही परिणाम होतो, तेव्हा दिरांनीही याच काळात हात आखडता घ्यावा.

यात एक अडचण आहे आणि ती तुमच्याही लक्षात आली असेल. एकत्र कुटुंबात अशा बाईने एका शनिवारी ग्लास नाकारला की दहा नजरा तिच्याकडे वळतात. ‘काही विशेष?’ असं कुणीतरी विचारतं, आणि पुढच्या महिन्यात तिला पुन्हा त्याच माणसांसमोर बसावं लागतं. म्हणून तिला एकटीला वेगळं काढू नका. गच्चीवर सगळ्यांच्याच हातात एकसारखे, बिनदारूचे ग्लास येतील अशी काही सोय करा. ती कशी करायची ते शेवटी सांगते.

आता तुमच्याकडे वळू. एक गोष्ट आवडली, ती किती आणि कशी पोटात जाते हे समजून घ्यायचंय, एवढंच तुम्ही विचारलंत. यात खालमानेनं लिहिण्यासारखं काही नाही. मला मिळणाऱ्या पत्रांत नवऱ्याच्या पिण्याबद्दल बायका पुष्कळ लिहितात, स्वतःच्या ग्लासाबद्दल जवळजवळ कुणीच लिहीत नाही. तुम्ही मापांसकट लिहिलंत म्हणून मला मापांसकट उत्तर देता येतंय.

हे पेय शंभर वर्षांहून जुन्या घराण्यातलं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली छापलेल्या एका कृतिसंग्रहात नुसता ‘अलेक्झांडर’ सापडतो. त्यात जिन, क्रेम द काकाओ (हेच तुमचं चॉकलेटचं लिक्युअर, म्हणजे गोड केलेली दारू) आणि साय समप्रमाणात आहे. पुढे जिनच्या जागी ब्रँडी आली आणि वर जायफळ आलं. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आजची कृती ३० मिली कोन्याक (ही फ्रान्समधली ब्रँडी), ३० मिली क्रेम द काकाओ आणि ३० मिली क्रीम अशी आहे. बर्फाबरोबर घुसळून, गाळून, लहानशा उभ्या दांड्याच्या ग्लासात ते देतात. म्हणजे मूळ पेय ९० मिलीचं आहे. आपल्याकडे सणाला बासुंदीची जी छोटी वाटी वाढतात, तेवढंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्रीमऐवजी आइस्क्रीम घालून ते करायची पद्धत आहे. तुमचे दीर क्रीमही घालतात आणि आइस्क्रीमही.

चहाचा कप साधारण १२० मिलीचा धरू. अर्धा कप म्हणजे ६० मिली. म्हणजे गच्चीवरचा तुमचा ‘एक’ ग्लास मूळ मापाच्या दुप्पट आहे, आणि वर आइस्क्रीमचा गोळा वेगळा. सगळा घोळ या कपात आहे. तो बाजूला ठेवून ग्लासातली एकेक गोष्ट बघू या.

ब्रँडी. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असं छापलेलं असतं. ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. एक ग्रॅम अल्कोहोल शरीराला सात कॅलरी देतं. साखर चार देते, चरबी नऊ, आणि अल्कोहोल या दोघींच्या मध्ये बसतं. म्हणजे नुसत्या ब्रँडीच्या १४० कॅलरी झाल्या. ‘ब्रँडी द्राक्षाची, फळाचीच ना’ असं गच्चीवर कुणी म्हणालं असेल तर तेही इथेच निस्तरू. नान्नजच्या बागेतलं द्राक्ष खाल्लंत तर त्यातलं पाणी, तंतू, पोटॅशियम तुम्हाला मिळतं. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून वर चढते ती वाफ अल्कोहोलची आणि वासाची असते. फळातलं पोषण खाली राहतं. शिवाय देशी ब्रँडीतला मोठा भाग पुष्कळदा द्राक्षांचा नसतोच, तो उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलचा असतो. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, मळी म्हणजे काय हे तुम्हाला मी समजावायला नको.

क्रेम द काकाओ. नावातल्या ‘क्रेम’मुळे पुष्कळांना वाटतं की यात साय आहे. ती अजिबात नसते. लिक्युअरच्या नावात हा शब्द साखरेच्या दाटपणासाठी येतो. युरोपीय नियमांनुसार अशा लिक्युअरमध्ये लिटरमागे निदान २५० ग्रॅम साखर असावी लागते, आणि बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत याहून जास्त असते. तुमच्या ६० मिलीत किमान १५, बहुधा २० ग्रॅमच्या आसपास साखर धरा. म्हणजे सपाट चार चमचे. अल्कोहोल साधारण २४ टक्के, म्हणजे आणखी ११ ग्रॅम. दोन्ही मिळून १६० कॅलरी. ‘चॉकलेटचं लिक्युअर’ म्हणताना बाईच्या मनात चॉकलेट मोठं होतं आणि लिक्युअर लहान. बाटलीत ते उलटं आहे.

क्रीम. आपल्याकडे पाकिटात मिळतं ते फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के चरबीचं असतं. ६० मिलीत १५ ग्रॅम चरबी, त्यातली नऊ-दहा ग्रॅम संपृक्त. सुमारे १५० कॅलरी. परदेशी कृतीतलं दाट क्रीम ३६ टक्क्यांच्या वरचं असतं. दिरांनी ते कधी आणलं तर हा आकडा २०० वर जाईल.

आइस्क्रीमच्या एका गोळ्याच्या १३० कॅलरी धरा. त्यात आणखी १२-१४ ग्रॅम साखर आणि सातेक ग्रॅम चरबी आली.

तुमच्या एका ग्लासाची बेरीज ५८० कॅलरींची होते. साखर तेहतीस ग्रॅमच्या घरात, संपृक्त चरबी १४ ग्रॅम, अल्कोहोल ३१-३२ ग्रॅम. बारमध्ये मिळणारा मूळ मापाचा ग्लास सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी आणि १५-१६ ग्रॅम अल्कोहोलचा असतो.

३१ ग्रॅम हा आकडा तुम्हाला काहीच सांगणार नाही, म्हणून पेगात सांगते. ३० मिलीच्या छोट्या पेगात १० ग्रॅम अल्कोहोल असतं. तुमचा एक ग्लास म्हणजे तीन पेग. दीड ग्लासाच्या शनिवारी तुम्ही पावणेपाच पेग घेतलेले असतात. कारखान्यातला एखादा कामगार एका बैठकीत तीन पेग घेतो असं कळलं तर तुम्ही त्याच्या बायकोची काळजी कराल, हे मला तुमच्या पत्रावरूनच कळतं. तेवढीच काळजी मला तुमची वाटते.

‘पण मला चढत नाही’ असं तुम्ही लिहिलेलं नाहीत, तरी ते मनात असणार. साय आणि आइस्क्रीममधली चरबी जठर रिकामं व्हायला वेळ लावते, म्हणून अल्कोहोल रक्तात हळू उतरतं. ते उतरतं मात्र सगळंच. गोडव्यामुळे घशाला जाळ लागत नाही आणि थंडपणामुळे वास येत नाही, त्यामुळे एरवी ‘आता पुरे’ म्हणणारी जीभ इथे गप्प बसते. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते. दिरांच्या आणि तुमच्या हातातले ग्लास सारखे दिसले तरी शरीराला ते सारखे नाहीत.

आता पोषण. दूध-सायीचा तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला, कारण आपण सगळ्या सायीला ‘ताकद’ मानत वाढलो आहोत. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम दुधाच्या पाणीदार भागात असतात. क्रीम काढताना चरबी वर येते आणि ती मौल्यवान मंडळी खालच्या दुधातच राहतात. म्हणून तुमच्या ६० मिली क्रीममध्ये प्रथिनं जेमतेम सव्वा ग्रॅम आणि कॅल्शियम ४०-५० मिलिग्रॅम असतं. गोळ्यातून थोडी भर पडते, थोडं ‘अ’ जीवनसत्त्वही मिळतं. तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. साधं एक पेलाभर, २०० मिली दूध प्यायलात तर २४० मिळतं आणि सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

आणि तुम्ही बंद काय केलंत, तर भाकरी! हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत २०० कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं, सहा ग्रॅम तंतू आणि दोन-अडीच मिलिग्रॅम लोह असतं. तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. एचबीए१सी ६.१ असलेल्या बाईने ताटातून सगळ्यात शेवटी काढायची गोष्ट सगळ्यात आधी काढली गेली. तिच्या जागी आलेली खारी मैद्याची आणि भरपूर चरबीची. तीन-चार खाऱ्यांत भाकरीएवढ्या कॅलरी सहज होतात, चहातली साखर वेगळी, आणि पोट मात्र भरत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते तिथल्या बाईने वजनासाठी खारी खावी, हे मला पटवून घेता येत नाही. आजपासून रात्रीची एक भाकरी परत आणा. सोबत पालेभाजी, डाळ, आणि शेंगा चटणी चमचाभर.

साडेतीन किलोंचं कोडं तुमच्या धंद्याच्या पद्धतीने सोडवू. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. साडेतीन किलोंना २७ हजार. गड्ड्यापासून आजवर तेरा आठवडे झाले, म्हणजे दर आठवड्याला सुमारे २१०० कॅलरी कुठून तरी जमा होतायत. तुम्ही बारच्या मापाचा एकच ग्लास घेत असतात आणि दुसरं काही बदललं नसतं, तर तेरा आठवड्यांत जेमतेम चारशे ग्रॅम वाढले असते. तुमच्या गच्चीवरचा दीड ग्लास मात्र ८७० कॅलरींचा आहे. चिवडा-शेंगांची बशी चारशेची. आणि कॉफीतलं क्रीम रोज ३० मिली, म्हणजे ७५ कॅलरी, सहा दिवसांचे साडेचारशे. हे क्रीम तुम्ही शनिवारच्या खात्यात धरलेलंच नाही, ते ‘वाया जाऊ नये’ या खात्यात गेलंय. एवढ्याचेच सतराशेच्या वर झाले. शनिवारी एकच ग्लास झाला तर त्यातून तीनशे वजा करा. पाच दिवसांचं चाळीस मिनिटांचं चालणं थांबलं, त्याचे सहा-सातशे धरा. शरीर काही कीर्द-खतावणी नव्हे, पैशापैशाला जमा-खर्च जुळणार नाही. पण पैसा कुठून आला ते दिसतंय.

उघडलेलं क्रीम आठवडाभर ठेवणं तसंही बरं नाही. पाकीट फोडल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं असतं, आणि सध्याच्या उन्हात, भारनियमनात, फ्रीज सारखा उघडत असताना तर आणखी लवकर.

वजनापेक्षा मला जास्त टोचतात ते तुमचे दोन रिपोर्ट. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवेत, तुमचे २१२ आहेत. अल्कोहोल शरीरात साठवून ठेवता येत नाही, म्हणून यकृत हातातली बाकीची कामं टाकून आधी त्याचा निकाल लावतं. तोवर चरबी जाळण्याचं काम मागे पडतं आणि यकृतातच नवी चरबी तयार व्हायला लागते. तीच ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते. या पेयात त्याच वेळी साखरही येते आणि सायीची चरबीही. नुसती दारू, नुसती मिठाई किंवा नुसती साय यांपेक्षा तिन्ही एकत्र, तेही रात्री साडेदहाला पोटभर जेवणावर, हे ट्रायग्लिसराइडसाठी सगळ्यात वाईट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. तुमच्या एका ग्लासातच तेहतीस आहे. आणि २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

तेव्हा गोड की दारू, याचं माझं उत्तर असं : दोन्ही खात्यांत पूर्ण रकमेने मांडा, आणि तिसरं खातं सायीचं उघडा. तुम्ही आत्तापर्यंत ते फक्त गोडाच्या खात्यात आणि तेही निम्म्या रकमेने लिहीत होता.

मेटफॉर्मिनचं मात्र हिशेबावर सोडता येत नाही. या गोळीबरोबर एकदम जास्त दारू झाली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. तुमच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली ती तुम्ही दारू घेत नाही असं गृहीत धरून. त्यांच्या हातात अर्धी माहिती आहे. शनिवारनंतर कधी खूप मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं किंवा विलक्षण थकवा जाणवला तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा आणि तिथे पहिल्या वाक्यात गोळीचं आणि पेयाचं नाव सांगा. गोळी मात्र माझ्या या उत्तरावरून बंद करायची नाही. दारू थांबवायची आहे, गोळी नव्हे.

डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीतले, ही भीती मला कळते. आपलं शहर मोठं असलं तरी सात रस्त्यावर शिंकलं की नव्या पेठेत कळतं. पण रुग्णाने सांगितलेलं कुणालाही न सांगणं हे डॉक्टरांवर त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनीच बंधन आहे, आणि तुम्ही मोकळेपणाने सांगू शकता : “डॉक्टर, हे घरी कळायला नको.” पुढचं वाक्यही तयार ठेवा म्हणजे ऐनवेळी जीभ अडखळणार नाही : “जानेवारीपासून शनिवारी रात्री मी तीन ते पाच पेगांइतकी दारू असलेलं गोड पेय घेत होते, आता थांबवलंय, मेटफॉर्मिन चालू आहे.” एवढं पुरे. एकट्या जा, किंवा नवऱ्याला विश्वासात घेऊन त्याच्याबरोबर जा. तरीही जीभ रेटलीच नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जुने रिपोर्ट घेऊन जा. सोलापुरात चांगल्या एमडी डॉक्टरांची वाण नाही. पण कुणा एकाला तरी पूर्ण सांगा. यकृताच्या तपासण्या करायच्या का, हेही त्यांनाच विचारा.

माझं म्हणणं तीन महिने पूर्ण थांबण्याचं आहे. तीन महिने यासाठी की एचबीए१सी हा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आरसा असतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी केलेली तपासणी जुनंच चित्र दाखवेल. ट्रायग्लिसराइड त्याहून लवकर खाली येतात, सहा-आठ आठवड्यांत फरक दिसू शकतो. तपासणीच्या आधी लग्नाकार्याचं जेवण नको. फिरणं पहाटे साडेपाचला न्या, तलावावर त्या वेळी गारवा असतो. सकाळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर कॉलनीतच वीस मिनिटं चाला. जेवणानंतरचं हे चालणं साखरेसाठी अधिकच चांगलं.

तीन महिन्यांनी आकडे सुधारले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तरच पुढचा विचार. तेव्हाही चहाचा कप मोजायला घ्यायचा नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर रेघांचं झाकण येतं, त्यावरचे आकडे वाचून १५ मिली ब्रँडी, १५ मिली लिक्युअर, ६० मिली थंडगार दूध, एवढंच. हा ग्लास ११० कॅलरी आणि आठ ग्रॅम अल्कोहोलचा होतो. सणासुदीला एक, दर शनिवारी नाही, आणि त्याच्यावर दुसरा नाही.

राहिला या शनिवारचा प्रश्न. मला वाटतं तुम्हाला त्या ग्लासातली ब्रँडी आवडलेली नाही. जन्मभर न प्यायलेल्या बाईला ब्रँडीची चव तेरा शनिवारांत लागत नाही. तुम्हाला आवडलं ते कोको, साय, जायफळ, गारवा, आणि दिवसभराचं काम संपल्यावर जावेबरोबर गच्चीवर निवांत बसणं. ‘बासुंदीसारखं’ असं तुम्हीच लिहिलंत. यातलं काहीच सोडायची गरज नाही.

दीडशे मिली गार टोण्ड दूध घ्या. एक चमचा बिनसाखरेची कोको पावडर आधी दोन चमचे गरम दुधात घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. एक सपाट चमचा साखर. झाकणाच्या स्टीलच्या बरणीत बर्फाच्या पाच-सहा खड्यांबरोबर हे सगळं घाला आणि हात दुखेपर्यंत जोरात हलवा. पाऊण मिनिटात वर दाट फेस येतो, आणि क्रीम नसतानाही तो ओठाला सायीसारखा लागतो. दिरांना घुसळायची हौस आहे, हे काम त्यांच्याकडेच राहू द्या. सुमारे ११५ कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. तुमच्या, जाऊबाईंच्या आणि सगळ्यांच्याच ग्लासात हेच. डाळिंबाचा रस घालून रंग आणायचा मोह होईल, तो टाळा, आंबटपणाने दूध फाटतं. डाळिंबाचे दाणे सोबत वाटीत द्या, चिवड्याच्या जागी.

जायफळ वर किसणीवरून दोनदाच फिरवा. श्रीखंडात घालतो तेवढंच, चिमटीच्या आत. वासाला तेवढं पुरतं, आणि जास्त झालं तर जायफळही बाधतं.